तिसऱ्या बटणापर्यंतची दाढी

सुभेदार हे त्याचं खरं नाव नव्हतं. खऱ्या नावाने त्याला फक्त त्याचा साहेब आणि दातांचा डॉक्टर हाक मारत. दिवसा तो एका विमा कंपनीत लोकांचे दावे नाकारायचं काम करायचा. काम शांतपणाचं होतं. ‘आपल्या अर्जाचा सहानुभूतीने विचार केला, तथापि’ अशी सुरुवात करायची आणि तथापिच्या पुढे काहीतरी शोधायचं. संध्याकाळी घरी येऊन बूट काढले, खोलीचं दार लोटलं, की तो सुभेदार व्हायचा, आणि मग सहानुभूतीही नसायची आणि तथापिही.

त्याची सुभेदारी होती ‘बत्तीघर’ या ऑनलाइन मंचावर. फार वर्षांपूर्वी ‘शेवटची बत्ती’ नावाचा एक व्हिडिओ गेम आला होता. त्यात दीपस्तंभाचा एक म्हातारा राखणदार असतो, समुद्रावर धुकं असतं आणि म्हाताऱ्याने जिने चढून जाऊन बत्ती लावायची असते. मधे वटवाघळं येतात. गोष्ट एवढीच. पण ज्यांनी तो मिसरूड फुटायच्या वयात खेळला त्यांना त्यात आयुष्याचा अर्थ सापडला, आणि पुढे आयुष्यात तो दुसरीकडे कुठे न सापडल्यामुळे ते तिथेच मुक्कामाला राहिले. आता त्यांना टकलं पडली होती, कंबरा धरल्या होत्या, काहींची मुलं मिसरूड फुटायच्या वयात आली होती. स्वतःला ते ‘बत्तीकर’ म्हणवून घेत.

बत्तीकरांचं मुख्य काम म्हणजे गेम उद्योगाची वाट लागली आहे हे रोज नव्याने सिद्ध करणं. वाट लागली याबद्दल दुमत नव्हतं. कधी लागली यावरून मात्र मित्र तुटले होते. कुणी म्हणे कंपन्या अर्धवट गेम विकू लागल्या तेव्हा, कुणी म्हणे गेममधल्या घोड्याचं खोगीरसुद्धा वेगळं विकू लागल्या तेव्हा, आणि एक कडवा गट होता त्याच्या मते पहिला गेम निघाला तेव्हाच. सुभेदार सर्वांत वरच्या फळीतला. त्याच्या नावापुढे छोटा पिवळा कंदील लुकलुकत असे. नियम तो करायचा आणि शिक्षाही तोच द्यायचा. ‘गेम बनवणाऱ्या कामगारांचं शोषण थांबवा’ हा त्याचा लेख मंचाच्या माथ्यावर कायमचा टाचून ठेवलेला होता. लेख खरोखर हृदयद्रावक होता. सुट्टीच्या दिवशीही राबणाऱ्या, घरच्यांना तोंड न दाखवणाऱ्या त्या अनाम कारागिरांबद्दल वाचून अनेकांनी डोळे पुसले होते.

मग कंपनीने ‘शेवटची बत्ती, भाग दोन’ जाहीर केला.

शेवटच्या बत्तीनंतर दुसरी बत्ती कशी, यावर आठवडाभर रणकंदन झालं, पण ती नुसती रंगीत तालीम होती. खरं युद्ध पेटलं ते जाहिरातीची चित्रफीत आल्यावर. ‘धुकेबहाद्दर’ नावाचा एक सभासद होता. चित्रफीत एकेक चित्र करून थांबवत बघणं हा त्याचा व्यासंग. त्याने म्हाताऱ्याचा कोट मापून काढला आणि मंचावर एकच ओळ टाकली: ‘दाढी दुसऱ्या बटणावर संपते.’

जुन्या गेममध्ये दाढी तिसऱ्या बटणापर्यंत होती.

त्यानंतर जे झालं त्याला आक्रोश म्हणणं म्हणजे हात आखडता घेणं होईल. लोकांनी बालपण लुटलं गेल्याचं सांगितलं. एकाने वडील गेले तेव्हा एवढं वाईट वाटलं नव्हतं असं लिहिलं, आणि खाली वडिलांनी स्वतः ‘मी अजून आहे’ असं लिहिलं, कारण तेही सभासद होते. ‘तिसरं बटण’ ही घोषणा झाली. ‘कामगारांचं शोषण थांबवा’ या लेखाच्या अगदी खाली नवी चर्चा लागली: ‘दाढी करणाऱ्याला हाकला’. दोन्हींना बहुतेक त्याच माणसांचे अंगठे होते.

सुभेदाराने बहिष्कार पुकारला.

बहिष्कार जोरात झाला. अडचण एकच होती. ज्या संकेतस्थळावर गेम विकत मिळायचा तिथे शंभरपैकी मार्क देऊन मत नोंदवता येत असे, पण ते फक्त गेम विकत घेतलेल्यालाच. तेव्हा निषेध नोंदवण्यासाठी सगळ्या बत्तीकरांनी पहिल्याच दिवशी गेम विकत घेतला. त्यातही मत देणाऱ्याच्या नावापुढे त्याने किती तास खेळ खेळला ते दिसतं, आणि कमी तास दिसले की लोक हसतात. म्हणून मताला वजन यावं यासाठी सगळे खेळू लागले. कामावर रजा टाकून खेळले. विशेष आवृत्तीची मतं वेगळी मोजतात असं कळल्यावर निष्ठावंतांनी तीही घेतली. एका नव्या सभासदाने भाबडेपणाने विचारलं, ‘विकत न घेता बहिष्कार घालता येत नाही का?’ सुभेदाराने त्याला तत्काळ मंचाबाहेर काढलं. हेर असणार.

एवढं असूनही सरासरी ब्याऐंशीवर अडकली होती. कारण मंचावर रिवाज होता की सुभेदाराने मार्क देईपर्यंत कुणी मार्क द्यायचे नाहीत. शेकडो, कदाचित हजारो बत्तीकर गेम घेऊन, खेळून, शिव्या तयार ठेवून त्याच्या मताची वाट बघत होते. आणि सुभेदार अभ्यास करत होता.

आता त्याच्या घरात डोकावायला हरकत नाही. घरात तो, आई आणि धाकटी बहीण. धाकटी एका गेम कंपनीत केस करायची. म्हणजे पडद्यावरच्या माणसांच्या डोक्यावरचे, गालांवरचे, कानातलेसुद्धा केस संगणकावर उगवायचे, वाढवायचे, वाऱ्यावर हलवायचे. कंपनी तीच, ‘शेवटची बत्ती’वाली. सुभेदाराला हे ठाऊक होतं आणि मंचावर त्याने ते कधी तोंडातून काढलं नव्हतं. तिने कुठल्या गेमचं काम चाललंय हे घरी सांगायचं नाही असा कंपनीचा दंडक होता, आणि तिने तो पाळला होता. गेम बाजारात आल्यावर तोंडावरची पट्टी निघाली. रविवारी दुपारी जेवताना ती म्हणाली,

“दादा, तू अजून मार्क दिले नाहीस ना?”

“दुसऱ्यांदा खेळून बघतोय. बहिष्कार जबाबदारीनं घालावा लागतो.”

“बहिष्कार म्हणजे त्यांच्याशी बोलायचं नाही असंच ना?” आईने विचारलं.

“आई, तू मीठ दे.”

“आमच्या कंत्राटात एक अट आहे,” धाकटी म्हणाली. “महिनाअखेरीला मार्कांची सरासरी ऐंशीच्या वर राहिली तर केसांचं खातं कायम. खाली गेली तर सगळ्यांना सुट्टी.”

“सगळ्यांना म्हणजे?”

“आम्ही तिघं. एक जण भुवया-पापण्या बघतो. एक बाई आहेत त्या डोक्यावरचे केस बघतात. दाढी माझी.”

सुभेदाराचा घास ताटाच्या वर हवेत थांबला.

“दाढी म्हणजे... ती दाढी?”

“अख्ख्या गेममध्ये माणूस एकच आहे, दादा. दुसरी दाढी कुणाची असणार, वटवाघळाची?”

“तू कापलीस?”

“तिसऱ्या बटणापर्यंतच केली होती मी. पण बत्ती लावायला म्हातारा वाकला की दाढी छातीत शिरायची आणि पाठीतून बाहेर यायची. झाडूसारखी. काय वाट्टेल ते करून बघितलं. मधे शनिवार-रविवार मी घरी नसायचे, तुला काय वाटलं, कुठे होते?”

“आई म्हणाली मैत्रिणीकडे.”

“मला तर तू मैत्रिणीकडेच सांगितलंस,” आई म्हणाली.

“ऑफिसात होते. शेवटी साहेब म्हणाले, एक तर वाकणं काढा नाहीतर दाढी कापा. वाकल्याशिवाय बत्ती कशी लागणार?”

“जुन्या गेममध्ये लागायची.”

“जुन्या गेममध्ये म्हातारा वाकतच नव्हता. नीट आठव. खांबासारखा उभा राहायचा आणि बत्ती आपली आपण लागायची.”

सुभेदाराने आठवलं. खरंच की. ज्या म्हाताऱ्याला त्याने इतकी वर्षं पूजलं, ज्याच्या कोटाची बटणं त्याला झोपेत मोजता येत होती, तो एकदाही वाकला नव्हता, आणि हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. त्याने घास तोंडात घातला. चावायला वेळ लागला.

“तू चांगलं लिही म्हणत नाही मी,” धाकटी म्हणाली. “तू लिहूच नकोस. महिनाअखेरपर्यंत गप्प बस. तुझ्या मागे ती सगळी माणसं थांबलीत ना, त्यांनाही थांबू दे. एवढंच.”

“बघतो.”

“बघतो काय बघतो,” आई म्हणाली. “बहीण आहे ती तुझी.”

“आई, हे तत्त्वाचं असतं.”

“असू दे की. बहीण आहे.”

सुभेदाराने गप्प राहायचं ठरवलं, हे त्याच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. नुसतं ठरवलं नाही, तर दोन दिवस पाळलंही. गप्प बसणं त्याला जमलंही असतं, जर त्याला काही ठाऊक नसतं. पण आता त्याला असं काही ठाऊक होतं जे मंचावर दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि हे सुख पोटात ठेवणं त्याच्या प्रकृतीला झेपण्यासारखं नव्हतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी धुकेबहाद्दरने लिहिलं, ‘दाढी कापणारा कामचुकार असणार. त्याला लांब केस जमतच नसतील.’ सुभेदाराची बोटं शिवशिवली. बहिणीची बाजू घ्यावी म्हणून नव्हे. धुकेबहाद्दर चुकत होता आणि चुकतोय हे दाखवून देता येत होतं, म्हणून.

त्याने लिहिलं: ‘आतल्या गोटातून कळतं की लांब दाढी तयार होती. वाकताना ती छातीतून आरपार जात होती. जाणकारांनी याचाही विचार करावा.’

मग ‘सत्यवादी’ नावाच्या सभासदाने विचारलं, ‘आतला गोट म्हणजे नेमकं कोण?’

इथे कुणीही शहाणा माणूस संगणक बंद करून दात घासायला गेला असता. सुभेदाराने लिहिलं: ‘माझे संबंध आहेत. फार लांब जावं लागत नाही. घरातच आहेत.’

पुढची ओळ लिहायला त्याला सवडच मिळाली नाही. पहिल्यांदा हळहळ आली, मग शंका आणि मग दगड. सुभेदार विकला गेला. सुभेदार मुळातच कंपनीचा माणूस होता. इतके दिवस मत का दिलं नाही ते आता कळलं. धुकेबहाद्दरने त्याची जुनी वाक्यं उकरून काढली आणि त्यांत कंपनीची स्तुती शोधली. एका ठिकाणी सुभेदाराने म्हाताऱ्याच्या कोटाचा रंग ‘बरा’ असल्याचं म्हटलं होतं.

सत्यवादीने खुलासा मागितला.

खुलासा हा मंचाचा कायदा होता. ज्याच्यावर संशय येईल त्याने एका दिवसात जाहीर मत नोंदवायचं, कारणांसकट, अगदी कमी मार्क देऊन. नाही नोंदवलं तर त्याचं नाव करडं होतं. करड्या नावाच्या माणसाला वाचता येतं, बोलता येत नाही. हा कायदा खुद्द सुभेदाराने केला होता, गेमचं संगीत वाईट नाही असं म्हणालेल्या एका इसमाचा बंदोबस्त करण्यासाठी. तो इसम अजून करडाच होता. रोज यायचा आणि नुसता बघत बसायचा.

सुभेदार त्या संध्याकाळी जेवायला उठला नाही. आईने दारावर टकटक केली तेव्हा ‘काम आहे’ म्हणाला. काम होतंच. एका बाजूला बहिणीची नोकरी होती. दुसऱ्या बाजूला पिवळा कंदील. त्याने खूप विचार केला, आणि तो प्रामाणिकपणे केला, हेही नोंदवलं पाहिजे. बहीण हुशार होती. तिला दुसरी नोकरी लागली असती. केस काय, सगळ्याच माणसांना असतात. पण त्याला दुसरं बत्तीघर कुठून मिळणार होतं? विमा कंपनीत त्याच्या मताची वाट बघत कुणी ताटकळत नव्हतं. घरात तर मीठ मागितलं तरी विषय बदलायचा.

सकाळी त्याने मत नोंदवलं. शंभरपैकी दोन. दोन्ही लाटांच्या आवाजाला. नावापुढे संकेतस्थळाने इमानदारीने दाखवलं: खेळलेला वेळ, शहाण्णव तास.

दुपारपर्यंत ते लिखाण सगळीकडे फिरलं. बत्तीकरांनी म्यानातून उपसलं ते सगळं एकदम. सरासरी ऐंशीवर आली, तिथे थोडी रेंगाळली आणि मग जिन्यावरून घरंगळल्यासारखी खाली गेली. संध्याकाळी चौऱ्याहत्तर होती. सुभेदाराच्या कंदिलाचा रंग सोनेरी झाला. असा रंग असतो हे आजवर कुणाला ठाऊक नव्हतं. मंचाच्या मालकाने तो त्याच्यासाठी मुद्दाम करवून घेतला होता.

“दादाचं काहीतरी फार गाजलंय म्हणे,” दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी आई म्हणाली. “कालपासून त्याचा फोन नुसता टिंगटिंग करतोय. वाच गं जरा मोठ्याने. माझा चष्मा सापडत नाहीये.”

“नंतर वाच,” सुभेदार म्हणाला. “तसं काही विशेष नाही.”

“बस रे. लाजतोस काय.”

धाकटीने फोन हातात घेतला. औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचावी तशा सुरात ती वाचत गेली. उद्योगाची वाट कधी लागली ते आलं, बालपण आलं, मग तो परिच्छेद आला ज्याच्यावर लोक जीव ओवाळून टाकत होते: “‘ज्या हातांनी ही दाढी कापली, ते हात मी ओळखतो. ते माझ्याच घरात आहेत. याच हातांनी लहानपणी एकदा खेळाच्या ऐन मध्यावर माझ्या गेमची वायर खेचली होती. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. एका पारड्यात रक्ताचं नातं ठेवलं आणि दुसऱ्यात तिसरं बटण. पारडं कुठे झुकलं हे, मित्रांनो, तुम्ही बघताच आहात.’”

तिने फोन टेबलावर उलटा ठेवला.

“छान लिहितो हो,” आई म्हणाली. मग थोड्या वेळाने, “हे कुणाबद्दल आहे?”

“माझ्याबद्दल.”

“तू वायर खेचली होतीस त्याची?”

“तूच सांगितलं होतंस. दोन दिवस अंघोळ केली नव्हती त्याने.”

“हो, मीच सांगितलं होतं,” आईने कबूल केलं. “वास यायला लागला होता.” तिने मुलाकडे पाहिलं. सुभेदार बशीतला चहा फुंकत होता. चहा केव्हाच गार झालेला होता.

महिनाअखेरीला केसांच्या खात्याला व्हिडिओ कॉलवर बोलावून सुट्टी देण्यात आली. साहेबांच्या मागे फुगे लावलेले होते, कारण त्याच दिवशी त्याच खोलीत विक्रीचा विक्रम साजरा व्हायचा होता. कंपनीच्या इतिहासात पहिल्या महिन्यात एवढा गेम कधी खपला नव्हता. साहेब म्हणाले, विक्री छानच आहे, पण कंत्राटात विक्रीचा उल्लेख नाही, मार्कांचा आहे, त्याला त्यांचा इलाज नाही. बोलताना त्यांना फुग्यांचा विसर पडला होता. एक फुगा मधेच फुटला तेव्हा तेच सर्वांत जास्त दचकले. संध्याकाळी कंपनीने जाहीर केलं की खेळाडूंच्या भावनांचा आदर राखून लांब दाढी आता वेगळी विकत मिळेल. बत्तीघरात विजयोत्सव झाला. जवळजवळ सर्वांनी ती घेतली.

सुभेदाराला पत्र आलं ते त्याच आठवड्यात. कंपनीकडून. त्यांनी आकडेमोड केली होती. निषेधासाठी ज्यांनी गेम घेतला त्यांच्यातले बहुतेक जण त्याच्या शब्दावर आले होते आणि त्याचं मत आल्यावर विशेष आवृत्तीचा खप पुन्हा उसळला होता. एवढी खरेदी त्यांच्या जाहिरात खात्याला जमली नव्हती. पत्रात त्याच्या तळमळीचं, निर्भीडपणाचं कौतुक होतं, आणि ‘खेळाडू संवाद सल्लागार’ म्हणून रुजू होण्याचं आमंत्रण होतं.

त्याने पत्र चारदा वाचलं. हीच ती कंपनी, जिने गेम उद्योगाची वाट लावली होती; त्याला तारीखही पाठ होती. पाचव्यांदा वाचताना त्याच्या लक्षात आलं की वाट लागलेली असेल तर ती आतून दुरुस्त करणारा माणूस हवाच. मंचावर त्याने याबद्दल काही लिहिलं नाही. आईला सांगितलं.

“चला,” आई म्हणाली. “म्हणजे घरातलं कुणीतरी तिथे राहिलं.”

धाकटी तिच्या खोलीत एका खोक्यात वायरी गुंडाळून भरत होती. सुभेदार दारात उभा राहिला, मग आत आला, मग पलंगाच्या कडेवर बसला.

“तुझ्या त्या ऑफिसला बस कुठली जाते?”

ती वायर गुंडाळत राहिली. “सरळ जाणारी नाही. नदीच्या पुलावर बदलावी लागते. उतरलास की डावीकडे, काचेची इमारत. गळ्यात ओळखपत्र घालावं लागतं, नाहीतर आत सोडत नाहीत.”

“पहिल्या दिवशी काय करतात?”

“सही घेतात. इथलं बाहेर बोलायचं नाही म्हणून.”

“म्हणजे बत्तीघरातही नाही?”

“तिथे तर मुळीच नाही.”

तो जरा विचारात पडला. “कंत्राट असतं ना?”

“असतं. तुलाही मार्कांची अट घालतील. सगळ्यांना घालतात.”

“मला कशाला घालतील,” तो म्हणाला. आणि मग, “बसायला कुठे देतात?”

“केसांच्या खात्याची जागा रिकामी झालीये. तीच देतील. खिडकीजवळची खुर्ची घे, खिडकी उत्तरेला आहे, ऊन येत नाही. पाठ सैल आहे तिची, एकदम मागे रेलू नकोस.”

सुभेदाराने ते फोनमध्ये लिहून घेतलं.